फ्लॅटच्या गॅसवर खान्देशी भरीत, सोबत कळण्याची भाकरी आणि शेवभाजी

थंडी पडायला लागली की जळगावच्या बाजारात ती हिरवी, पांढरट रेघांची मोठाली वांगी येतात आणि आमच्या बिल्डिंगमध्ये बाहेरगावहून राहायला आलेल्या बायका हमखास विचारतात, ताई, वांगी तर तुम्ही आणता तिथूनच आणली, मग तुमच्यासारखं भरीत का नाही झालं? वांगी तीच असतात, मसाला तर भरीतात नसतोच, मग राहिलं काय तर भाजणं. खान्देशातल्या जेवणाचं नाव निघालं की लोक तिखट आणि तेलाबद्दलच बोलतात, पण आमची निम्मी चव विस्तवावर तयार होते. वांगं, मिरची, कांदा, खोबरं सगळं आधी नीट भाजायचं, आणि भाजताना घाई करायची नाही. एवढं जमलं तर तिसऱ्या मजल्यावर चूल नसली तरी काही अडत नाही, मी गेली कितीतरी वर्षं गॅसवरच करते.

आधी वांग्याचं सांगते, कारण तिथेच निम्मे लोक चुकतात. भरीताला जांभळी छोटी वांगी घेऊ नका, त्यात बिया फार आणि गर कमी. आमच्याकडचं भरीताचं वांगं वेगळं, बामणोद, भालोद, असोदा भागातलं, 2016 साली त्याला जळगाव भरीत वांगी म्हणून जीआय टॅग पण मिळाला, म्हंजे हे वांगं याच भागाचं अशी सरकारी नोंद. बाजारात घेताना हातात धरून बघायचं, साल चकचकीत पाहिजे, देठ हिरवागार आणि काटे टोचणारे पाहिजेत, म्हंजे ताजं तोडलेलं. दोन सारख्या आकाराची वांगी असली तर वजनाला हलकं ते उचला, जड वांग्यात बिया जास्त निघतात हा घरातला जुना अनुभव. छोटं भोक दिसलं की ठेवून द्या, आत अळी असतेच. पाच-सहा माणसांना दीड ते दोन किलो लागतं, जास्त वाटेल पण वांग्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, भाजून सोलून ते एवढंसं होतं.

शेतात भरीताची पार्टी असते तेव्हा कपाशीच्या वाळलेल्या काड्या म्हंजे पऱ्हाट्या पेटवतात आणि त्यावर वांगी टाकतात. त्या काड्यांचा जाळ पटकन मोठा होतो आणि लगेच खाली बसतो, त्यामुळे वरून साल करपते आणि मग निखाऱ्यावर आतून हळूहळू शिजतं. गॅसवर हेच दोन टप्पे आपण करायचे. वांग्याला तेलाचा हात फिरवा, सुरीच्या टोकाने चार-पाच ठिकाणी टोचा (टोचलं नाही तर आत वाफ कोंडून फुटतं आणि गॅसवर सगळा पसारा होतो), आणि जाळीवर ठेवा. पहिली चार-पाच मिनिटं मोठा गॅस, साल सगळीकडून काळी पडू द्या, मग गॅस मध्यमपेक्षा कमी करा आणि दर दोन-तीन मिनिटांनी फिरवत राहा. अर्धा किलोच्या वांग्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतातच. दहा मिनिटांत काळं दिसलं म्हणून उतरवू नका, ते नुसतं वरूनच काळं असतं. खरी परीक्षा देठापाशी, तिथे चिमट्याने दाबून बघा, तिथलं कडक लागलं तर आत कच्चं आहे, उभं धरून देठाकडचा भाग पण जाळावर ठेवा. झालेलं वांगं चिमट्यात धरलं की अंग सोडून लोंबकळतं.

गॅस खराब होऊ नये म्हणून बर्नरभोवती फॉईल लावून घ्या, भोकं मात्र मोकळी ठेवा. ओव्हनमध्ये पण होतं म्हणतात, मी पण करून बघितलंय, शिजतं छान पण धुराचा वास येत नाही, आणि त्या वासाशिवाय भरीत म्हंजे नुसती वांग्याची भाजी. मायक्रोवेव्हचं तर नावच नको.

उतरवलं की सगळी वांगी एका पातेल्यात टाकून दहा मिनिटं झाकून ठेवा. स्वतःच्याच वाफेत साल सुटते. आता जे सांगते ते नीट लक्षात ठेवा, सोलताना वांगं नळाखाली धरायचं नाही. लग्न झाल्यावर पहिल्या हिवाळ्यात घरी बारा माणसं जेवायला होती, साल भरभर निघावी म्हणून मी सगळी वांगी नळाखाली धुऊन काढली, दिसायला एकदम स्वच्छ, पांढरी झाली. पण धुराची चव सगळी मोरीत वाहून गेली आणि भरीत इतकं पातळ झालं की भाकरीवर थांबेना. तेव्हा आजेसासूबाई काही रागावल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः दोन वांगी भाजली, शेजारी पाण्याची वाटी ठेवली, नुसती बोटं ओली करून साल काढली आणि गर चाळणीत टाकला. मी लगेच ठेचायला घेतलं तर हात धरला, "दम धर वं माय, पानी निथरू दे." पंधरा मिनिटांत चाळणीखालच्या ताटलीत वाटीभर तपकिरी पाणी जमलं होतं. ते पाणी टाकून द्या, गर घट्ट आणि गोडसर राहतो. सालीचे दोन-चार काळे कण गराला राहिले तर राहू द्या, वास त्यांचाच असतो. मात्र प्रत्येक वांगं मधून उघडून बघा, बाहेरून भोक दिसलं नाही तरी आत कधी कधी अळी निघते.

मग ठेचणं. गावाकडे लाकडी बडगी असते, कोणी बडजी म्हणतात, त्यात मुसळीने ठेचतात. घरात नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात पावभाजीच्या मॅशरने किंवा रवीच्या मागच्या बाजूने ठेचा. मिक्सरला लावू नका, बिया दळल्या जातात आणि गर चिकट, लापशीसारखा होतो. भरीतात धागे दिसले पाहिजेत.

दीड किलो वांग्याला माझं माप असं: दहा-बारा हिरव्या मिरच्या, पंधरा-वीस लसणाच्या पाकळ्या, अर्धी वाटी शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप मूठभर, कांद्याच्या पातीची एक मोठी जुडी, कोथिंबीर, आणि शेंगदाण्याचं तेल पाऊण वाटी. तेल बघून दचकू नका, बाहेर तर याहून जास्त असतं, तुम्हाला अर्ध्या वाटीत करायचं तर करा पण त्याखाली जाऊ नका, कोरडं भरीत घशात अडकतं. मिरच्या पण वांग्याबरोबर जाळीवर भाजून घ्या, साल पांढरट होऊन फोड आले की बास, मग लसूण आणि जाडं मीठ घालून खलबत्त्यात ठेचा, बारीक वाटू नका. कढईत तेल तापवून आधी शेंगदाणे तळा, रंग बदलला की खोबऱ्याचे काप, ते लालसर झाले की जिरं, मग ठेचलेली मिरची. मिरचीचा ठसका उठला की कांद्याची पात, आधी पांढरा भाग मिनिटभर, मग हिरवा. पात मऊ होऊ द्यायची नाही. वांग्याचा गर घाला, सगळं वरखाली करा, तीन-चार मिनिटं मोठ्या आचेवर परता आणि कोथिंबीर घालून उतरवा. हळद नको, लाल तिखट नको, टोमॅटो तर अजिबातच नको, टोमॅटोच्या आंबटपणात भाजल्याचा वास मरतो. दुसरीकडचे लोक टोमॅटो घालतात, त्यांची पद्धत त्यांना लखलाभ, पण खान्देशी पाहिजे तर नाही.

गॅसवरचा वास कमी वाटला तर कोळशाचा एक तुकडा लाल होईपर्यंत तापवा, छोट्या स्टीलच्या वाटीत ठेवून वाटी भरीताच्या मधोमध ठेवा, वर चमचाभर तेल टाका आणि धूर उठला की लगेच घट्ट झाकण. दोन-तीन मिनिटंच, जास्त ठेवलं तर कडवट होतं. वांगी नीट भाजलेली असतील तर याची गरज लागत नाही, मी पाहुणे असले तरच करते.

सोबत पुऱ्या पण करतात आमच्याकडे, पण घरच्या जेवणाला कळण्याची भाकरी. कळणा म्हंजे ज्वारी आणि सालीसकट अख्खे काळे उडीद एकत्र दळलेले. एक किलो ज्वारीला पाव किलो उडीद आणि चमचाभर जाडं मीठ धान्यातच टाका. गिरणीत सांगून ठेवा की गव्हावर दळू नका आणि फार बारीक काढू नका, थोडं भरड पाहिजे. ज्यांना ज्वारीची भाकरी थापताना फाटते ना, त्यांनी कळण्यापासून सुरुवात करावी, उडदाच्या चिकटपणामुळे पीठ धरून राहतं, गरम पाणी पण लागत नाही, साध्या पाण्यात मळलं तरी चालतं. पण मळायचं जेवढ्यास तेवढंच, एका वेळी एका भाकरीपुरतं, आणि तळव्याने चांगलं रगडून. तवा आधी कडकडीत तापलेला पाहिजे. भाकरी टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात, पाणी सुकत आलं की उलटायची, दुसरी बाजू डाग पडेपर्यंत भाजायची आणि मग पहिली बाजू थेट जाळावर, टम्म फुगते. पाणी पूर्ण सुकू दिलं तर वरून तडे जातात. गरम भाकरीचा पापुद्रा काढून आत कच्चं तेल आणि ठेचा घालून बघा एकदा, भरीत नसलं तरी जेवण होतं.

आता शेवभाजी, कारण भरीत हिवाळ्यापुरतं आणि शेवभाजी बारा महिने, घरात भाजी नसली की पहिला आधार. तिच्यात पण भाजण्याचाच खेळ. दोन मोठे कांदे सालासकट गॅसवर जाळीवर ठेवा, बाहेरून काळे आणि आत मऊ होईपर्यंत. सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी चिमट्यात धरून थेट जाळावर, तिच्यातलं तेल पेटून ज्योत धरते तेव्हा घाबरू नका, फुंकून विझवा, सगळीकडून तपकिरी आणि कडेला काळपट होऊ द्या. पूर्ण कोळसा झाला तर मात्र फेका, रस्सा कडू होतो. हे दोन्ही, आठ-दहा लसूण पाकळ्या, इंचभर आलं आणि मूठभर कोथिंबीर काड्यांसकट मिक्सरमध्ये अगदी बारीक वाटा, इथे मिक्सर चालतो, रश्शाला वाटण उगाळलेल्या गंधासारखं मऊ पाहिजे, दाणा नको. अर्धी वाटी तेलात हे वाटण परतायचं, मध्यम आचेवर, दहा-बारा मिनिटं तरी, कडेने तेल सुटेपर्यंत. मग गॅस बारीक करून दोन चमचे काळा मसाला आणि एक-दोन चमचे लाल तिखट, लाल तिखटाला नंदुरबारच्या बाजारातली मिरची मिळाली तर सोनं. तिखट टाकल्यावर अर्धा मिनिट, बास, लगेच चार वाट्या उकळतं पाणी. गार पाणी ओतलं तर तर्री वर येत नाही, तेल आणि रस्सा एकात एक मिसळून मळकट दिसतं. मीठ घालून दहा मिनिटं उकळू द्या. मीठ हात राखून घाला, शेवेत असतंच.

शेव कोणती घ्यायची हे पण महत्त्वाचं. नुसती खायची बारीक शेव नको, दुकानात भाजीची शेव म्हणून मागा, जाड, तिखट, ओवा-लसणाची. सोडा जास्त घातलेली हलकी शेव रश्शात पडली की विरघळून पिठलं होतं. ओळखायचं कसं तर दोन काड्या गरम पाण्यात टाकून दोन मिनिटांनी बघा, अख्ख्या राहिल्या तर चांगली. आणि शेव कढईत टाकायचीच नाही. रस्सा उकळता ठेवा, ताटात वाटीत शेव घ्या, वरून रस्सा ओता आणि लगेच खायला बसा. घरात कोणी उशिरा येणार असेल तर त्याचा रस्सा वेगळा, शेव वेगळी.

काळा मसाला घरी करणार असाल तर प्रत्येक जिन्नस वेगवेगळा भाजा, धने, दगडफूल, लवंग, तमालपत्र, सगळ्यांना वेगळा वेळ लागतो. दगडफूल क्षणात करपतं, धन्यांना चार-पाच मिनिटं पाहिजेत. एका वर्षी बाहेर भाजून-दळून देतात तिथे मसाला दिला, त्यांनी सगळं एकाच कढईत टाकलं, आणि तो जळका वास आम्ही वर्षभर खाल्ला. तेव्हापासून भाजणं घरी, दळायला फक्त बाहेर.

भरीत उरलं तर फ्रिजमध्ये ठेवा पण दुसऱ्या दिवसापुरतंच, पात आत गेलेली असते ती लवकर वास मारते. सकाळी ज्वारीच्या पिठात ते कालवून थालीपीठ लावा, वेगळं मीठ-मिरची काही लागत नाही. आणि शेवभाजीचा उरलेला रस्सा असेल तर शिळी कळण्याची भाकरी ताटात कुस्करा, रस्सा चांगला उकळून वरून ओता, कच्चा कांदा हाताने फोडा, लिंबू पिळा, आणि भाकरी रस्सा पिऊन फुगेपर्यंत दोन मिनिटं ताट झाकून ठेवा.