आपल्या शहरात व्हीगन ग्रुप सुरू करून प्राण्यांसाठी काम कसं करायचं

पुणे मुंबई सोडून बाकी ठिकाणच्या बऱ्याच लोकांचे मेसेज येतात की आम्ही व्हीगन झालोय (म्हणजे मांस, अंडी, दूध असं प्राण्यांपासून येणारं काहीच घेत नाही), आता आमच्या गावात पण काहीतरी सुरू करायचंय, पण सुरुवात कुठून करू ते कळत नाही. नाशिक, सांगली, लातूर, अकोला, कुठेही राहत असा, काम साधारण सारखंच असतं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण हिच्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. आपला ग्रुप प्राण्यांसाठी आहे. शुद्ध शाकाहारी लोकांचं मंडळ म्हणून तो उभा राहायला नको. महाराष्ट्रात कोण काय खातं याला जात चिकटलेली आहे, मटण खाणाऱ्याला सोसायटीत घर नाकारणारे लोक आपल्याकडे आहेत, आणि तुम्ही स्टॉल लावला की समोरच्याला पहिली शंका हीच येते की हे आता आम्हाला पावित्र्याचे धडे देणार. ती शंका पहिल्या दोन वाक्यांतच घालवायची. त्याला सोपा रस्ता म्हणजे बोलणं दुधापासून सुरू करायचं, कारण दुधाचा प्रश्न शाकाहारी घराला जास्त लागू होतो. ज्या घरात अंडंसुद्धा चालत नाही तिथे रोज दोन लिटर दूध येतं, आणि ते येण्यासाठी म्हशीला पुन्हा पुन्हा गाभण राहावं लागतं, पारडू झालं की त्याच्या वाटचं दूध काढून घेतात, नर असेल तर त्याला कोणी विचारत नाही. पारडू मेलं तर काही ठिकाणी त्याच्या कातडीत पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवतात, पान्हा फुटावा म्हणून. हे ज्याने गोठ्यात बघितलंय त्याला समजावून सांगावं लागत नाही. आणि आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले तो रेडाच होता, जुन्नर तालुक्यात आळ्याला त्याची समाधी आहे, लोक तिथे दर्शनाला जातात. हे सांगितल्यावर वारकरी घरातली माणसं थांबून ऐकतात.

याच कारणासाठी मी ग्रुपवाल्यांना कायम सांगते की शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्यांविरुद्धच्या आंदोलनात जाऊ नका. २०२३ च्या शेवटी राज्याने आठवड्याला एक अंडं सुरू केलं आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी थांबवला, त्यावर दोन्ही बाजूंनी खूप राजकारण झालं. गरीब घरातल्या मुलाच्या ताटातून काहीतरी काढा ही मागणी आपली असूच शकत नाही. शेंगदाणा चिक्की, कडधान्यं, सोयाबीन वाढवा अशी मागणी करायची असेल तर जरूर करा.

आता माणसं कशी जमवायची. चार जण पुरतात, खरंच. एक बोलणारा, एक लिहिणारा, एक स्वयंपाक येणारा आणि एक जण ज्याला सरकारी ऑफिसात जाऊन दोन तास बसायचा कंटाळा नाही, हा शेवटचा सगळ्यात मोलाचा असतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा पण त्यात पहिल्या दिवशी दीडशे लोक भरू नका, गुड मॉर्निंग आणि कत्तलखान्याचे व्हिडिओ यातच तो बुडतो. महिन्याला एकदा प्रत्यक्ष भेटा, कोणाच्या तरी घरी, प्रत्येकाने एक पदार्थ करून आणायचा. संस्था रजिस्टर करायची घाई करू नका. पैसे गोळा व्हायला लागले, जागा भाड्याने घ्यायची वेळ आली की मग धर्मादाय आयुक्तांकडे जाता येतं, तोपर्यंत एका वहीत जमाखर्च लिहा आणि दर महिन्याला त्याचा फोटो ग्रुपवर टाका. पैशावरून भांडणं झाली की ग्रुप फुटतो म्हणून हे आधीच सांगतेय.

पहिला कार्यक्रम खाण्याचा ठेवा. आपल्या मराठी जेवणात अर्धं काम आधीच झालेलं आहे, पिठलं भाकरी, भरली वांगी, मासवडी, शेंगोळे, थालीपीठ, सोलकढी, अळूचं फदफदं, यात फक्त वरचं तूप, लोणी नि दही तेवढं काढायचं. कोकणात पुरणपोळी नारळाच्या दुधाबरोबर खातातच. महागडं ओट मिल्क नि परदेशी चीज मांडून बसलात तर लोक म्हणतील हे पैसेवाल्यांचं फॅड आहे, आणि त्यांचं बरोबरच असेल.

लोक अडतात ते दोन ठिकाणी, चहा आणि दही. चहाला सोया किंवा काजूचं दूध चालतं पण चहा उतरवल्यावर घालायचं, उकळत्या चहात घातलं तर फाटतं. दह्यासाठी शेंगदाणे. एक वाटी कच्चे शेंगदाणे रात्रभर भिजवा, सालं चोळून काढा, तीन वाट्या पाण्याबरोबर मिक्सरला अगदी बारीक करा, फडक्यातून गाळा आणि मंद आचेवर ढवळत ढवळत एक उकळी आणा, ढवळणं सोडलं की तळाला लागतं. कोमट झालं की त्यात पाच सहा हिरव्या मिरच्यांची देठं बुडवायची, देठासकट मिरचीचा वरचा भाग घेतला तरी चालतो, आणि झाकून उबेला ठेवायचं. पहिलं दही पातळ होतं आणि त्याला जरा मिरचीचा वास येतो, ते विरजण म्हणून वापरा, दुसरं छान लागतं. त्याचा मठ्ठा करा, आलं, कोथिंबीर, मीठ, थोडी साखर घालून, आणि लहान कपात लोकांना द्या. कशाचा आहे ते आधीच सांगायचं, लपवून खायला घालायचं नाही. कोणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असू शकते आणि शिवाय फसवल्यासारखं वाटलं की माणूस पुन्हा तुमच्याकडे येत नाही.

तब्येतीबद्दल पण खरं तेच बोला. बी१२ व्हिटॅमिन वनस्पतीतून भरवशाने मिळत नाही, व्हीगन माणसाने गोळी घ्यायलाच हवी, हे स्टॉलवर स्वतःहून सांगा. दूध पिणाऱ्या शाकाहारी लोकांतही बी१२ कमी असलेले ढिगाने सापडतात, त्यामुळे तो विषय सगळ्यांच्या कामाचा असतो. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ. व्हीगन झाल्यावर डायबेटीस बरा होतो, कॅन्सर बरा होतो असली पोस्टर अजिबात लावू नका. बाजारातली वस्तू ओळखायला एफएसएसएआयचं (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं) व्हीगन चिन्ह दाखवा, हिरव्या रंगातलं व्ही आणि त्यावर पान, त्याचे नियम २०२२ साली आले.

स्टॉल रविवारी सकाळी बागेच्या बाहेर लावायचा, तिथे फिरायला आलेले लोक घाईत नसतात. बाग महापालिकेची असेल तर उद्यान विभागाला पत्र आणि जवळच्या पोलिस स्टेशनला पत्र, दोन्हीची पोच घ्यायची म्हंजे दुसऱ्या कॉपीवर शिक्का आणि तारीख. शहरात जमावबंदीचा आदेश चालू आहे का तेही तिथेच विचारा, बऱ्याच ठिकाणी सणासुदीला तो निघतो. लाऊडस्पीकर नकोच. टेबल, दोन पोस्टर, मठ्ठा, आणि एक टॅब किंवा मोबाईल ज्यावर गोठ्यातला किंवा पोल्ट्रीतला व्हिडिओ असेल. लहान मुलं दिसतील असा तो ठेवायचा नाही, बघायचा का असं विचारून मगच दाखवायचा. मेलबर्नमध्ये २०१६ साली सुरू झालेली ती क्यूब ऑफ ट्रुथची पद्धत, मास्क घालून, हातात असे व्हिडिओ धरून चौकोनात उभं राहायचं, ती मोठ्या शहरात चालते. तालुक्याच्या गावात मास्क घातलेली माणसं बघून लोक लांबूनच जातात असं माझं मत आहे. तिथे ओळखीचा चेहरा लागतो.

बोलताना प्रश्न विचारा आणि गप्प बसा. समोरच्या काकांनी म्हटलं की आमच्या घरी म्हैस होती, आम्ही तिला पोरीसारखी सांभाळायचो, तर वाद घालू नका. विचारा, काका ती भाकड झाल्यावर काय केलंत? बहुतेक वेळा ते जरा थांबतात आणि मग खरं सांगतात, बाजारात नेली, दुसरं काय करणार. त्यात त्यांना दोषी ठरवायचं नाही, वैरणीचा खर्च त्यांच्या हातात नव्हता. मग म्हणायचं, तेच तर, दूध म्हटलं की हे ओघाने येतंच. २०१९ च्या पशुगणनेत देशात ५० लाखांच्या आसपास मोकाट गाईगुरं मोजली गेली, ती कुठून आली हेही यातच आलं. शेतकऱ्याचं काय असा प्रश्न हमखास येतो. दुधाला भाव मिळत नाही म्हणून रस्त्यावर दूध ओतणारा शेतकरी आपण सगळ्यांनी बघितलाय, तो या धंद्यात सुखी आहे असं कोणी म्हणू नये, आणि आपली लढाई त्याच्याशी नाही. त्याच्या गोठ्यात न विचारता घुसणं, त्याचा चेहरा व्हिडिओत टाकणं, असले प्रकार ग्रुपमध्ये कोणी केले तर त्याला बाहेर काढा.

आता मोहिमांकडे येऊ, माझा सगळा जीव यात आहे. एका वेळी एकच मागणी घ्या, आणि ती अशी घ्या की तुमच्या शहरातला एखादा अधिकारी सही करून पूर्ण करू शकेल. प्राण्यांवरचे अत्याचार थांबवा ही मागणी कोणाच्याच टेबलावर जात नाही.

नायलॉन मांजा हा सुरुवातीला सगळ्यात चांगला विषय. २०१७ च्या जुलैमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने देशभर त्यावर बंदी घातली, तरी येवल्यात, नाशकात, नागपुरात दर संक्रांतीला पक्षी कापले जातात, माणसांचे गळे कापले जातात. नोव्हेंबरमध्येच आयुक्तांना आणि पोलिसांना निवेदन द्या, डिसेंबरात शाळांमध्ये जा, दुकानात नायलॉन मांजा दिसला तर पोलिसांना कळवा, स्वतः दुकानदाराशी हुज्जत नको. संक्रांत झाली की पुढचे दोन तीन रविवार झाडांवरचा मांजा उतरवायचा, लांब बांबूला आकडा बांधून, विजेच्या तारांपासून लांब राहून. हा विषय मटण खाणाऱ्यालाही पटतो, आणि त्यातून आलेली माणसं पुढे मठ्ठ्याच्या टेबलापर्यंत येतात.

ऊस पट्ट्यात असाल तर बैल. १९६५ चे ओझ्याच्या जनावरांचे केंद्राचे नियम आहेत, त्यात स्पष्ट लिहिलंय की दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि जिथे तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. अणकुचीदार पराणी वापरायलाही बंदी आहे. हे गाडीवानाला माहीत नसतं आणि कारखान्यावरही कोणी सांगत नाही. नियम मराठीत एका पानावर छापा, कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याला भेटा, यार्डात पाण्याचा हौद नि सावली मागा. ऊसतोड कामगार स्वतः उचल घेऊन आलेला असतो, तो आणि बैल एकाच जोखडात आहेत, त्यामुळे त्याला दंड करा ही मागणी मला पटत नाही. सांगली, सातारा, सोलापूर भागात अ‍ॅनिमल राहत ही संस्था २००३ पासून बैलांसाठी काम करतेय, बैलगाड्यांच्या जागी ट्रॅक्टर यावेत म्हणूनही त्यांनी प्रयत्न केलेत, त्यांच्याशी बोला. आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते तेव्हा गावात जा, बैलाच्या खांद्यावर हळद तेल चोळताना जुवाने पडलेली गाठ हाताला लागते, त्या वेळी त्या गाठीबद्दल बोललं तर शेतकरी मनापासून बोलतो.

शहरात असाल तर कुत्र्यांच्या नसबंदीचा हिशोब मागा. माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महापालिकेच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. प्रश्न छोटे नि सुटे लिहा: गेल्या आर्थिक वर्षात किती कुत्र्यांची नसबंदी झाली, वॉर्डनिहाय आकडे, त्यावर किती खर्च झाला, काम कोणत्या संस्थेला दिलं, त्या संस्थेकडे २०२३ च्या एबीसी (म्हणजे कुत्र्यांच्या नसबंदीच्या) नियमांप्रमाणे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची मान्यता आहे का, तिची प्रत. का आणि कशासाठी असे प्रश्न विचारले की अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच ऑफिसात पहिलं अपील. उत्तर आलं की मग नगरसेवक आणि स्थानिक पत्रकार, या क्रमाने. कागद हातात असला की बोलण्याला वजन येतं.

क्रूरतेची घटना दिसली तर व्हिडिओ काढा, त्यात जागा आणि वेळ कळेल असं बघा, गाडी असेल तर नंबर, आणि ११२ ला फोन. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये आहे, त्यामुळे पोलिसही कंटाळा करतात. प्राण्याला मारून टाकलं किंवा जायबंदी केलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लावायला सांगा, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जनावरांच्या गाड्या रस्त्यात अडवू नका, कोणी कितीही चढवलं तरी नाही. गोरक्षणाच्या नावाखाली माणसं मारली गेली आहेत, आपल्या ग्रुपचं नाव त्याच्या जवळपासही दिसता कामा नये. नंबर आणि रस्ता पोलिसांना कळवायचा, एवढंच आपलं काम.

शेवटचं, रेस्क्यूचे फोन. ग्रुपचं नाव झालं की रात्री अकराला जखमी कुत्र्यासाठी, विहिरीत पडलेल्या मांजरीसाठी फोन येतात आणि तीन महिन्यांत चांगली माणसं थकून निघून जातात. आधीच ठरवा की आपण रेस्क्यू करणार की मोहिमा, दोन्ही झेपत असेल तर वेगळी माणसं ठेवा. पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा १९६२, गावातले दोन डॉक्टर, जवळचं शेल्टर, सर्पमित्र, वनविभाग, हे सगळे नंबर ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये टाका आणि फोन आला की आधी तिथे पाठवा.