होम थिएटरवर जाहिराती अंगावर येतात? आवाज एकाच जागी आवरा

रात्रीची मालिका चालू आहे, आतल्या खोलीत बाळ झोपलंय. नायिका हळू आवाजात बोलते म्हणून आपण आवाज वाढवतो. तेवढ्यात ब्रेक लागतो आणि साबणाच्या जाहिरातीचं गाणं सबवूफरसकट घरभर घुमतं. अंगठा म्यूटवर ठेवून बसणं हा काही यावरचा उपाय नाही. आणि ‘टीव्हीतलं ऑटो व्हॉल्यूम चालू करा’ हा जो सल्ला जो तो देतो, तो होम थिएटर असलेल्या घरात बहुतेक वेळा फुकट जातो. आवाज टीव्हीच्या स्पीकरमधून येतच नसेल, तर टीव्हीतल्या सेटिंगने काय होणार?

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. जाहिरातीचा सर्वांत मोठा आवाज कार्यक्रमातल्या सर्वांत मोठ्या आवाजापेक्षा जास्त असतोच असं नाही. मालिकेत कुजबुज असते, शांतता असते, मध्येच एखादी किंकाळी असते. जाहिरातीचे तीसही सेकंद त्या किंकाळीच्या आसपास दाबून बसवलेले असतात. कानाला जाणवते ती ही सरासरी. अमेरिकेत डिसेंबर २०१२ पासून जाहिरातीची सरासरी पातळी कार्यक्रमाइतकीच ठेवण्याची कायद्याने सक्ती आहे. आपल्याकडे केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधला सातवा नियम जाहिराती अवाजवी मोठ्या नसाव्यात असं सांगतो, पण किती डेसिबल ते सांगत नाही. म्हणून घरचा बंदोबस्त घरीच करायचा.

जोडणी सोपी आहे. सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय केबल थेट रिसीव्हरला, म्हणजे होम थिएटरचे सगळे स्पीकर ज्याला जोडलेले असतात त्या यंत्राला, आणि रिसीव्हरची टीव्हीला.

आता अवघड भाग. इथे मी दोन महिने घालवले, म्हणून सविस्तर सांगतो.

माझी चूक अशी, की जिथे जिथे आवाज सारखा करण्याची सोय दिसली तिथे तिथे ती चालू केली. बॉक्समध्येही, रिसीव्हरमध्येही. निकाल भयंकर. दृश्यात दोघं गप्प बसले की मागची पंख्याची घरघर हळूहळू वर चढायची. दार आपटलं की पुढचं वाक्य बुडायचं. ब्रेक संपून मालिका सुरू झाली की पहिले दोन संवाद कळायचेच नाहीत. कारण साधं आहे: एक यंत्र आवाज दुरुस्त करतं आणि दुसरं त्या दुरुस्तीची पुन्हा दुरुस्ती करत बसतं. त्यामुळे बॉक्समधली आणि टीव्हीतली ही सगळी सेटिंग बंद करा. पातळी सांभाळायचं काम एकट्या रिसीव्हरकडे द्या, कारण स्पीकरच्या आधीचा शेवटचा टप्पा तोच आहे.

रिसीव्हरमध्येही दोन वेगळ्या सोयी असतात आणि लोक त्या एकच समजतात. एक म्हणजे नाइट मोड किंवा डीआरसी, म्हणजे मोठ्या आणि लहान आवाजांतलं अंतर कमी करणारी सोय. बऱ्याच रिसीव्हरमध्ये ही सोय डॉल्बीच्या सिग्नलमध्ये आधीच भरलेल्या सूचना वाचून मोठे आवाज कमी करते. बॉक्सचा ऑडिओ पीसीएमवर, म्हणजे बॉक्सनेच उलगडून दिलेल्या साध्या डिजिटल आवाजावर ठेवला तर त्या सूचना पोहोचतच नाहीत आणि बटण दाबून काही फरक पडत नाही. तुमच्याकडे फक्त हीच सोय असेल तर बॉक्सचा ऑडिओ डॉल्बीवर ठेवा. जाहिराती थोड्या नरमतील, पूर्ण आवरणार नाहीत.

दुसरी सोय प्रत्यक्ष आवाज सतत मोजते आणि तो वरखाली करते. डेनॉन आणि मरांट्झच्या बऱ्याच रिसीव्हरमध्ये ती ऑडिसी डायनॅमिक व्हॉल्यूम नावाने सापडते. आपल्याला हवी ती हीच. मात्र आधी सोबतच्या मायक्रोफोनने खोलीचं मोजमाप केलेलं असायला हवं. पातळ्या तीन: लाइट, मीडियम, हेवी. हेवीच्या नादी लागू नका, पंख्याची घरघर तिथेच परत येते. मालिका आणि बातम्यांना मीडियम. क्रिकेटला लाइट, नाहीतर दोन चेंडूंच्या मधल्या वेळात प्रेक्षकांचा गलका समालोचकाच्या डोक्यावर बसतो.

आणि जे मला कुणीच सांगितलं नव्हतं ते हे. डायनॅमिक व्हॉल्यूम चालू केलं की डायनॅमिक ईक्यू आपोआप चालू होतं. कमी आवाजात बास ऐकू यावा म्हणून ते बास वाढवतं, आणि त्याचा हिशोब सिनेमाच्या पातळीचा असतो. टीव्हीचं ध्वनिमिश्रण साधारण त्यापेक्षा खालच्या पातळीवर झालेलं असतं, म्हणून बास गरजेपेक्षा जास्त चढतो. जाहिरात मोजमापाने आवरलेली असते, पण भिंत हादरायची थांबत नाही. मी सबवूफर दोनदा जागेवरून हलवला, दोष त्याचा नव्हताच. ऑडिसीच्या मेनूत ‘रेफरन्स लेव्हल ऑफसेट’ शोधा आणि टीव्हीसाठी तो १० डेसिबलवर ठेवा. फरक त्याच ब्रेकमध्ये कळेल.

तपासायला फोनवरचं डेसिबल मीटर पुरतं. फोन सोफ्यावर, डोकं असतं त्या उंचीला धरा. माझ्या खोलीत आधी संवाद ६२ च्या आसपास आणि जाहिरात ७१ होती. आता जाहिरात ६५ च्या पुढे जात नाही. पहिला एखादा सेकंद ती मोठी वाटते, कारण यंत्राला आवाज मोजायला तेवढा वेळ लागतो. तेवढ्यासाठी हेवीवर जाऊ नका.

हे सगळं डेनॉनवर क्विक सिलेक्टच्या, म्हणजे सेटिंग साठवायच्या, एका बटणावर साठवा. मरांट्झवर त्याला स्मार्ट सिलेक्ट म्हणतात. बटण तीन-चार सेकंद दाबून धरायचं, बस. दुसऱ्या बटणावर डायनॅमिक व्हॉल्यूम बंद आणि ऑफसेट शून्य, ते सिनेमासाठी. पावसाच्या रिमझिमीपासून ढगांच्या गडगडाटापर्यंत चढत जाणारा आवाज सपाट करून ऐकायचा असेल, तर होम थिएटर घेतलं कशाला?

साउंडबारवाल्यांना एवढे पर्याय मिळत नाहीत. नाइट मोड चालू, वूफर दोन-तीन पायऱ्या खाली.

टीव्हीतल्या ॲपवर मालिका पाहत असाल तर आवाज एआरसीतून, म्हणजे त्याच एचडीएमआय केबलच्या परतीच्या वाटेने, उलटा रिसीव्हरकडे येतो. तिथे टीव्हीतलं ऑटो व्हॉल्यूम बंदच ठेवा. रिसीव्हरच्या लेखी हा बॉक्सपेक्षा वेगळा इनपुट आहे, म्हणून त्या इनपुटवर जाऊन मीडियम आणि १० डेसिबल पुन्हा लावा आणि तिसऱ्या बटणावर साठवा.