बिबट्याचे फोटो हजारो, पेपर मात्र परत: या चुका टाळा

सस्तन प्राण्यांवरचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, जर्नलकडून परत आला की पहिला संशय इंग्रजीवर जातो. भाषा आठवडाभरात सुधारता येते. खरी अडचण अशा चुकांची असते ज्या जंगलात होतात आणि सहा महिन्यांनी, टेबलाशी बसल्यावर दिसतात. त्यातल्या काही निस्तरता येतात, काही अजिबात नाही. इथे उदाहरण महाराष्ट्रातल्या बिबट्यांवरच्या कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) अभ्यासाचं घेतलं आहे, कारण विद्यार्थ्यांचे कितीतरी पेपर याच वाटेने जातात.

परवानगी नंतर घेऊ

ही न निस्तरणारी चूक. अभयारण्यात अभ्यासासाठी शिरायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या कलम २८खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. महाराष्ट्रात हे काम नागपूरच्या प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) कार्यालयातून चालतं. प्राणी पकडायचा किंवा त्याच्या हालचाली टिपणारी कॉलर लावायची असेल तर कलम १२ लागू होतं, आणि बिबट्या कायद्याच्या अनुसूची १मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, असल्याने केंद्र सरकारची पूर्वपरवानगीही हवी. चांगली जर्नल्स परवानगीचा क्रमांक आणि तारीख मागतात. ती तारीख पहिल्या फोटोनंतरची असेल तर पुढचं काही वाचलंच जात नाही. उसाच्या शेतात कॅमेरा लावताना मालकाची लेखी संमती घ्या. गावकऱ्यांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी मिळवा. सरपणाला निघालेल्या बायकांचे फोटो कॅमेऱ्यात येणारच. ते वेगळे काढून पुसून टाकायची पद्धत ठरवा आणि पेपरात एका वाक्यात नोंदवा.

एका जागी एकच कॅमेरा

प्रत्येक बिबट्या ठिपक्यांवरून ओळखतात, पण त्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे ठिपके वेगळे असतात. म्हणून पायवाटेच्या दोन्ही कडांना, समोरासमोर पण थोडे तिरके, दोन कॅमेरे लावतात. अगदी समोरासमोर ठेवले तर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या फोटोत येतो. एकच कॅमेरा असेल तर काही फोटो फक्त डावे, काही फक्त उजवे मिळतात. मग दोन्हींची बेरीज करून ‘१४ बिबटे’ असं लिहिलं जातं, आणि एकच बिबट्या दोनदा मोजला जातो. हे अंशतः सावरता येतं: ज्या बाजूचे जास्त प्राणी ओळखता आले तीच बाजू विश्लेषणात घ्या, नाहीतर अर्धवट ओळख चालवून घेणारं अवकाशीय प्रारूप (प्राणी कुठे कुठे दिसला हे धरून संख्या काढणारं गणिती मॉडेल) वापरा.

घनतेचा, म्हणजे ठरावीक क्षेत्रात किती बिबटे याचा, आकडा काढताना आणखी तीन ठिकाणी गाडी अडते. पहिलं, कालावधी. आपण लोकसंख्या ‘बंद’ धरतो, म्हणजे अभ्यासादरम्यान जन्म, मृत्यू, ये-जा नगण्य आहे असं मानतो. मोठ्या मांजरकुळासाठी ४५ ते ६० दिवस ही रूढ मर्यादा आहे. दहा कॅमेरे वर्षभर फिरवून सगळे फोटो एकत्र केले तर ते गृहीतक उरत नाही. दुसरं, अंतर. मादीच्या वावरक्षेत्रात किमान एक-दोन जागा पडायला हव्यात. बिबटे वेगवेगळे दिसले पण कोणीच दुसऱ्या जागी पुन्हा दिसला नाही, तर प्राणी किती फिरतो हे प्रारूपाला कळायला मार्ग नसतो. तिसरं, कॅमेऱ्यांच्या भोवतालचा पट्टा, जो हिशेबात धरायचा असतो. तो वाढवत न्या आणि घनता बदलायची थांबली की तिथे थांबा. कोयनेसारख्या ठिकाणी धरणाचं पाणी त्या पट्ट्यातून वगळा, नाहीतर बिबटे शिवसागर जलाशयावरही पसरतात.

घड्याळ

बॅटरी उतरली की काही कॅमेरे कारखान्यातल्या तारखेवर परत जातात. दुपारच्या लख्ख उन्हात रात्रीचे दोन वाजलेले फोटो सापडतात ते यामुळे. कॅमेरा लावताना आणि काढताना मोबाइलचं घड्याळ समोर धरून एक फोटो घ्या. फरक किती ते कळलं की सगळ्या नोंदी तेवढ्या सरकवता येतात. हा फोटो नसेल तर त्या कॅमेऱ्याचा डेटा दिनचर्येच्या विश्लेषणातून काढून टाकणंच प्रामाणिक.

दुसरा मुद्दा भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. एका अंशाला चार मिनिटं, त्यामुळे कोयनेत सूर्य घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटं मागे असतो, ताडोब्यात सुमारे १३. दोन्हीकडचे बिबटे ‘पहाटे’ किती सक्रिय हे थेट घड्याळावरून ताडलं तर हा फरक प्राण्याच्या स्वभावाच्या नावावर जमा होतो. वेळ आधी सूर्योदय-सूर्यास्ताशी जुळवा. दोन प्राण्यांच्या दिनचर्येचा मेळ मोजताना दोन्हींपैकी लहान नमुन्यात ५०पेक्षा कमी नोंदी असतील तर डेल्टा-१ आणि ७५पेक्षा जास्त असतील तर डेल्टा-४ हे मेळ मोजण्याचं सूत्र वापरतात.

दर १०० ट्रॅप-रात्रींमागे इतके फोटो

एक कॅमेरा एक रात्र चालला की एक ट्रॅप-रात्र; या निर्देशांकाला ‘विपुलता’, म्हणजे प्राण्यांची संख्या, म्हणू नका. बिबट्या वाटेने चालतो, भेकर झाडीत राहतं. वाटेवरच्या कॅमेऱ्यात बिबट्याच जास्त दिसणार. फोटो कमी आले ते प्राणी कमी म्हणून की दिसण्याची शक्यता कमी म्हणून, हे या आकड्यातून कळत नाही. एकेक प्राणी वेगळा ओळखता येत नसेल तर ऑक्युपन्सी प्रारूप (प्राणी दिसण्याची शक्यता धरून तो किती जागांवर आहे ते काढणारं) वापरा. तेही जमत नसेल तर निष्कर्ष आवरता घ्या.

विष्ठेवरून आहार

वाटेवर मिळालेली विष्ठा आकार आणि जाडीवरून ‘बिबट्याची’ ठरवली की रिव्ह्यूअर (जर्नलसाठी पेपर तपासणारा तज्ज्ञ) डीएनए तपासणी विचारतो, आणि रास्त विचारतो. तरस, कोळसुंदे आणि मोठे कुत्रे त्याच वाटेवर असतात. सगळ्यांसाठी पैसे नसतील तर यदृच्छ निवडलेल्या काहींची तपासणी करून ओळख किती प्रमाणात चुकली ते द्या. एका विष्ठेतले किमान २० केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत भारतात रूढ आहे. पाच केसांवर थांबलात तर दुसरं भक्ष्य हुकतं.

मग आकडेमोड. नुसती वारंवारता दिली तर लहान भक्ष्य फुगतं, कारण लहान प्राण्याच्या प्रत्येक किलोमागे केस आणि हाडं जास्त. म्हणून अनेक जण ॲकरमनचं १९८४चं समीकरण लावतात: एका विष्ठेमागचं मांस = १.९८० + ०.०३५ × भक्ष्याचं वजन, किलोमध्ये. वीस किलोची शेळी असेल तर २.६८ किलो, शंभर किलोचं जनावर असेल तर ५.४८. हे समीकरण अमेरिकेतल्या प्यूमावरून आलं आहे, आणि मोठ्या भक्ष्यासाठी ते सरळ रेषेत वाढतच जातं. उष्ण प्रदेशातल्या मांसभक्षकांसाठी २०१६मध्ये वेगळी समीकरणं प्रसिद्ध झाली आहेत, ती आधी पाहा.

नाव आणि ठिकाण

बिबट्याच्या शास्त्रीय नावापुढचं, पँथेरा पार्डसपुढचं, ‘लिनियस, १७५८’ (नाव देणारा आणि वर्ष) कंसात येतं, कारण त्याने मूळ नाव फेलिस पार्डस दिलं होतं आणि पहिला शब्द नंतर बदलला. कोल्ह्याच्या कॅनिस ऑरियसला कंस नाही, कारण ते नाव बदललेलं नाही. चूक छोटीच, पण संपादक इथूनच लेखकाला जोखतो.

ठिकाणाचं प्रकरण गंभीर आहे. खवले मांजराचं बीळ किंवा तरसाची गुहा अचूक अक्षांश-रेखांशासह छापणं म्हणजे शिकाऱ्याला पत्ता देणं. अक्षांश-रेखांश ०.१ अंशापर्यंतच दिले तर ठिकाण साधारण ११ किलोमीटरच्या चौकटीत झाकलं जातं. पुरवणी फाइल आणि फोटोत दडलेली जीपीएस माहितीही तपासा. नकाशा पुसून फोटो तसाच अपलोड करणारे बरेच.

‘पहिलीच नोंद’ आणि चुकीचं जर्नल

पहिल्या नोंदीचा दावा करण्यापूर्वी जुनं साहित्य चाळा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं सस्तन प्राणी सर्वेक्षण १९११मध्ये सुरू झालं आणि त्याचा पहिला अहवाल खानदेशावर आहे. तुमची ‘नवी’ वाघाटी तिथे शतकापूर्वी नोंदलेली असू शकते.

एका ठिकाणची नोंद आंतरराष्ट्रीय सिद्धांतप्रधान जर्नलला पाठवली तर ती संपादकाच्या टेबलावरूनच परत येते. अशा नोंदीसाठी सोसायटीचं जर्नल, जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा किंवा मांजरकुळासाठी कॅट न्यूज योग्य. तीन दिवसांत स्वीकृती आणि शुल्काची घाई दिसली तर डीओएजे (मुक्त जर्नल्सची निर्देशिका) यादीत नाव शोधा. एकाच वेळी दोन जर्नल्सना पाठवणं सर्वत्र निषिद्ध आहे.

रिव्ह्यूअरला उत्तर

प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवा, खाली उत्तर आणि बदललेल्या ओळींचे क्रमांक द्या. ‘सुधारणा केली’ एवढं पुरत नाही. जी चूक आता निस्तरता येत नाही, उदाहरणार्थ एका बाजूचेच फोटो, तिथे वाद घालू नका. विश्लेषण बदला, आकड्याचा पल्ला (किमान ते कमाल अंदाज) रुंद होऊ द्या, आणि मर्यादा चर्चेच्या भागात स्पष्ट लिहा. मुदत अपुरी वाटत असेल तर ती संपण्याआधी संपादकांना मेल करा. नंतर पाठवलेली सुधारित प्रत बऱ्याच ठिकाणी नवीन सादरीकरण म्हणून धरली जाते आणि रिव्ह्यूअर पुन्हा नव्याने शोधावे लागतात.