मोनोटाइप शिकताना या चुका टाळा

मोनोटाइप या छापचित्राच्या पद्धतीत काही कोरायचं नसतं. काचेवर किंवा ऍक्रिलिक शीटवर शाई लावायची, तिच्यात चित्र काढायचं, वर कागद ठेवून घासायचा आणि उचलायचा. भरदार छाप एकच मिळतो. तो बिघडला की मन खट्टू होतं आणि बरेच जण तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात हे सोडून देतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण चित्र छान काढलेलं असतं, गडबड झालेली असते ती शाईच्या थरात.

थर जाड झाला की ते आधी कानांना कळतं. रोलर फिरवताना रेशमी साडी सळसळल्यासारखा हलका आवाज आला तर थर बरोबर. चट्चट् असा चिकट आवाज येत असेल आणि शाई संत्र्याच्या सालीसारखी दाणेदार दिसत असेल, तर ती जास्त आहे. तशीच छापली तर दाबाखाली पसरते, बारीक रेषा बुजतात. चित्र काढण्याआधीच वर्तमानपत्राचा कागद तिच्यावर अलगद ठेवा, तळवा एकदा फिरवा आणि उचला. जादा शाई त्याच्यासोबत निघून जाते. मी आजही जवळजवळ प्रत्येक प्लेटवर हे करते.

शाईवर कागद ठेवून त्याच्या पाठीवर पेन्सिलीने रेखाटण्याच्या पद्धतीत तर हे हवंच. फ्रेंच चित्रकार पॉल गोगॅंने 1899 पासून या पद्धतीची चित्रं केली; त्यांतल्या रेषा मऊ, किंचित केसाळ दिसतात. नवशिक्यांचा कागद मात्र सगळीकडे काळवंडतो, कारण मनगट कागदावर टेकलेलं असतं. प्लेटच्या दोन्ही बाजूंना दोन जाड पुस्तकं ठेवा, त्यांवर लाकडी पट्टी आडवी टाका आणि हात तिच्यावर टेकवा.

छापात पांढरे ठिपके राहिले, तर कागद तपासा. दुकानदार जलरंगाचा 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जाड) खडबडीत कागद देतो. चमच्याने घासून त्याच्या खाचांपर्यंत शाई पोचत नाही. घरी प्रेस (छपाईचं दाबयंत्र) नसेल तर पातळ, गुळगुळीत कागद घ्या. जाडच वापरायचा असेल तर भिजवून टिपकागदात दाबा. पृष्ठभागावर पाण्याची चमक अजिबात दिसता कामा नये. प्रेस लगेच विकत घेऊ नका. स्टीलच्या चमच्याच्या पाठीने पहिलं वर्ष मजेत जातं.

पाण्यात विरघळणारी शाई वापरत असाल तर पंखा बंद करा. मे महिन्यात ती चित्र पूर्ण होण्याआधीच सुकते आणि छाप अर्धवट उमटतो. सुकलीच तर कागद किंचित ओलसर करून छापा, बरीचशी शाई परत सुटते. तेलाच्या शाईला ही घाई नसते, पण तिचे छाप वाळायला कित्येक दिवस लागतात, पावसाळ्यात आणखी जास्त. एकावर एक रचू नका.

अक्षरं आणि चेहरे उलटे उमटतात. रेखाटन उलटं करून काचेखाली ठेवा, प्रश्न मिटला.

कागद एकदम ओढू नका. एक बाजू तळव्याने घट्ट धरा, दुसरा कोपरा उचलून डोकवा. फिकं वाटलं तर तसाच परत टेकवा आणि तिथे आणखी घासा. कागद जागचा हलला नाही तर काहीही बिघडत नाही.

आणि छाप निघाल्यावर लगेच फडकं हातात घेऊ नका. प्लेटवर शाईचा पुसट थर उरलेला असतो. त्यावर दुसरा, शक्यतो ओलसर, कागद ठेवून जोर लावून घासा. फिकट, धुक्यातून दिसल्यासारखा छाप येतो. त्याला घोस्ट प्रिंट म्हणतात. फ्रेंच चित्रकार एदगार दगा 1870 च्या दशकात अशाच दुसऱ्या, फिक्या छापावर पेस्टलने रंग चढवायचा; त्याच्या कितीतरी नर्तिका तशाच तयार झाल्या. तो कागद वाळू द्या आणि रंगीत खडू काढा. प्लेट त्यानंतर धुवा: तेलाची शाई असेल तर आधी गोडेतेलाने पुसून, मग भांड्यांच्या साबणाने.