नवीन बँडवर जाण्याआधी आकडे नीट वाचा
हॅम रेडिओवर (हौशी रेडिओवर) नवीन बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा नवा पट्टा, उघडला असं कळलं की लगेच डायल फिरवू नका, आधी आपल्या देशाच्या लायसन्सच्या नियमांत तो आलाय का बघा, कारण आयटीयूने (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने) जागा दिली म्हणजे आपल्याला परवानगी मिळालीच असं नसतं. ६० मीटर बँडचंच घ्या. २०१५ च्या जागतिक रेडिओ परिषदेत ५३५१.५ ते ५३६६.५ किलोहर्ट्झ एवढीशी पट्टी मिळाली, तीही सेकंडरी, म्हणजे प्रायमरी वापरणाऱ्याला आपला त्रास होता कामा नये, आणि बऱ्याच ठिकाणी मर्यादा १५ वॅट ईआयआरपी. इथेच लोक फसतात! ईआयआरपी म्हणजे रेडिओवर दिसणारे वॅट नाहीत, त्यात अँटेनाचा गेनही (एका दिशेला सिग्नल किती जोरात जातो तेही) धरायचा असतो, साध्या डायपोल अँटेनाचा गेन २.१५ डीबीआय (गेन मोजायचं एकक) धरला तर अँटेनाला जेमतेम ९ वॅट पोचले की झाले १५ पूर्ण.

बँडची कडही सांभाळा. २० मीटर १४.३५० मेगाहर्ट्झला संपतो, पण यूएसबीत (अप्पर साइडबँड, बोलण्याचा एक मोड) सिग्नल डायलच्या वर जवळपास ३ किलोहर्ट्झ पसरतो, त्यामुळे डायल १४.३४९ वर ठेवून बोललात तर बाहेर गेलातच समजा. एलएसबीत (लोअर साइडबँडमध्ये) उलटं, खाली जागा सोडा.

मोडसाठी, म्हणजे सिग्नल पाठवायच्या पद्धतीसाठी, बँड प्लॅन (बँडच्या कुठल्या भागात कुठला मोड याचा तक्ता) समोर ठेवाच. ३० मीटरवर सहसा सीडब्ल्यू (मोर्स कोड) आणि डिजिटलच. आणि एफटी८ (कॉम्प्युटरवर चालणारा एक डिजिटल मोड) करणार असाल तर कॉम्प्युटरचं घड्याळ सेकंदाच्या आत बरोबर हवं, नाहीतर १५ सेकंदांचे स्लॉट जुळत नाहीत आणि वॉटरफॉलवर (स्क्रीनवरच्या सिग्नलच्या चित्रात) सिग्नल ढीगभर दिसत असूनही डीकोड काहीच होत नाही.