सतत प्रवास करणाऱ्यांनी बॅग कशी निवडावी: आधी चाक, मग चेन, रंग सगळ्यात शेवटी

कोल्हापुरात बॅगा दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही कारागिराच्या टपरीपुढे थोडा वेळ उभं राहा. त्याच्यासमोर पडलेल्या बॅगांचं कापड किंवा कवच बहुतेक वेळा धडधाकट असतं. चाक निखळलेलं असतं, हँडल अडकलेलं असतं, पट्टा उसवलेला असतो, नाहीतर चेनने दात सोडलेले असतात. बॅग मोडते ती सांध्यांत. दुकानात मात्र आपण रंग, चकाकी आणि कप्पे बघून पैसे मोजतो.

हा लेख महिन्यातून अनेकदा घर सोडावं लागणाऱ्यांसाठी आहे. गिऱ्हाइकांना भेटायला पुण्या-मुंबईला जाणारे गोकुळ शिरगावचे कारखानदार, हुपरीचे चांदी व्यापारी, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, बाहेरगावी शिकणारी पोरं-पोरी. वर्षातून एकदा लग्नाला जाणाऱ्याने इतक्या खोलात शिरायची गरज नाही.

उद्यमनगरात मशिन घ्यायला आलेला माणूस किमतीच्या आधी विचारतो, "स्पेअर मिळतोय काय?" बॅग घेतानाही हाच प्रश्न धरून ठेवा. पुढचं बरंचसं त्यातूनच येतं.

पायरी १: प्रवासातला सगळ्यात खडतर टप्पा ओळखा

मुंबईचं विमानतळ किंवा हॉटेलची लॉबी बघून बॅग निवडू नका. घरातून निघाल्यापासून मुक्कामी पोचेपर्यंत बॅगेला सगळ्यात जास्त त्रास कुठे होतो, ते आठवा. जुन्या पेठेतल्या वाड्याचा जिना? मध्यवर्ती बसस्थानकाबाहेरचा उखडलेला रस्ता? ट्रॅव्हल्सची डिकी, जिथे तुमच्या बॅगेवर कुणाचं तरी पोतं येऊन पडतं? बॅग त्या टप्प्याला पुरली पाहिजे.

रेल्वेने जाणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. कोल्हापूर हे लाइनीचं शेवटचं स्टेशन, त्यामुळे महालक्ष्मी किंवा कोयनेत इथे निवांत चढता येतं. खरी कसोटी उतरताना, दादर-ठाण्याला, दारात गर्दी असताना एका हाताने बॅग खाली घेण्याची. अशा वेळी चाकांचा काही उपयोग नसतो, वरच्या आणि बाजूच्या हँडलचा असतो. शिवाय बॅग बर्थखाली सरकली पाहिजे. २८ इंची जाड ट्रॉली घेतली की ती वाटेत उभी राहते आणि रात्रभर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या लाथा खाते. वजनाचं म्हणाल तर स्लीपर आणि थ्री एसीत ४० किलो, टू एसीत ५० किलो सामान मोफत नेता येतं. एकट्या माणसाला ते भरपूर झालं.

विमानाने जाणाऱ्यांनी केबिन बॅग निवडताना ७ किलोची मर्यादा आणि साधारण ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर हे माप लक्षात ठेवावं. यात चाकं आणि हँडलही मोजतात. बॅगच ३ किलोची असेल तर सामानाला राहिले ४. उजळाईवाडीच्या कोल्हापूर विमानतळावरून एटीआरसारख्या लहान विमानाने जाणार असाल तर डोक्यावरचे कप्पे मोठ्या विमानापेक्षा लहान असतात, म्हणून मापाच्या अगदी काठावरची कडक बॅग टाळलेली बरी.

आणि तुमचा प्रवास मुख्यतः एसटीचा असेल तर माझं स्पष्ट मत असं की ट्रॉली घेऊच नका. चांगली डफल, म्हणजे हातात किंवा खांद्यावर धरायची लांबट कापडी बॅग, किंवा पाठीवरची मोठी सॅक घ्या. जिथे चाक फिरवायला सपाट जमीनच मिळत नाही, तिथे चाकांचं आणि दांड्याचं वजन फुकट वाहायचं कशाला?

पायरी २: दोन चाकं की चार?

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

सुटकेसला चाकं लावायची कल्पना अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना १९७० मध्ये सुचली आणि १९७२ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. आज आपण वापरतो तशी उभी, लांब दांड्याची बॅग रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने १९८७ मध्ये आणली. ट्रॉली जन्माला आली ती विमानतळाच्या गुळगुळीत फरशीसाठी. ती आपण राजारामपुरीच्या पेव्हर ब्लॉकवरून ओढतो, तेव्हा तिच्याकडून मूळ कामाच्या कितीतरी पट काम मागत असतो.

चारही बाजूंना फिरणारी चार चाकं फरशीवर झकास चालतात. बॅग शेजारून ढकलत न्यायची, मनगटावर भारच नाही. पण ही चाकं लहान असतात, बॅगेच्या तळाबाहेर लोंबतात आणि एकेका बारीक खुंटीवर फिरतात. डिकीत बॅग आडवी फेकली की पहिला मार त्या खुंटीला बसतो. खड्ड्यात, ड्रेनेजच्या जाळीत ती अडकतात. मग आपण वैतागून बॅग तिरकी करतो, दोनच चाकांवर ओढतो, आणि चार चाकांचा भार दोघांवर पडतो. चालत्या गाडीत अशी बॅग आपसूक पळते, तो ताप वेगळाच.

दोन चाकांच्या बॅगेत चाक तळाच्या खाचेत अर्धं आत बसलेलं असतं, थोडं मोठं असतं आणि एकाच दिशेला फिरतं. मोडायला कमी जागा. तोटा एवढाच की बॅग तिरकी धरून ओढावी लागते आणि भार खांद्यावर येतो. ज्यांची पाठ किंवा खांदा दुखतो, त्यांनी चार चाकंच घ्यावीत, पण दुहेरी रबरी चाकांची. बाकी पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर फिरणाऱ्याला मी दोन चाकांचीच बॅग सुचवेन. दुकानांत ती आता कमी मांडलेली असते, विचारून काढून घ्या.

कुठलीही असो, चाक कसं बसवलंय ते बघा. आतल्या अस्तराला तळाशी चेन असेल तर ती उघडा. स्क्रू दिसले तर चाक बदलता येतं, रिबिट ठोकलेलं असेल तर बदलणं अवघड. दुकानदाराला सरळ विचारा, "दादा, याचं चाक वेगळं मिळतंय का?" तो घुटमळला तर उत्तर मिळालं.

पायरी ३: हँडल ओढून, हलवून पाहा

दांडा पूर्ण बाहेर काढा आणि डावीकडे-उजवीकडे हलवा. किंचित खेळ असणं चांगलं, त्यामुळे झटका सांध्यावर एकदम येत नाही. लडबडत असेल तर नको. बटण दाबल्यावर दोन्ही बाजू एकदम सुटतात का, हे पाचसहा वेळा करून बघा. एक बाजू मागे राहते तिथेच पुढे दांडा अडकतो.

वरचं आणि बाजूचं हँडल नुसतं कापडाला किंवा कवचाला शिवलंय की आतल्या पट्टीला स्क्रूने आवळलंय? बोट घालून चाचपा. तळालाही पकड असेल तर डिकीतून बॅग काढताना ती फार उपयोगी पडते.

पायरी ४: चेन

चाक गेलं तरी बॅग उचलून नेता येते. चेन गेली की मात्र सामान रस्त्यावर येतं.

चेनला नंबर असतो, तो बंद चेनच्या दातांची अंदाजे मिलिमीटरमधली रुंदी सांगतो. मुख्य कप्प्याला ८ किंवा १० नंबरची असावी, ५ नंबर बाहेरच्या खिशांना ठीक. रनरवर वायकेकेसारख्या नावाजलेल्या कंपनीची खूण असेल तर चांगलंच. रनर धातूचा आणि जाड हवा. कोपऱ्यावरून चेन फिरवताना हात अडखळतो का, ते पाहा. रिकाम्या बॅगेची चेन सगळेच फिरवतात, तुम्ही बॅग भरून फिरवा.

सुरक्षिततेबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. गुंडाळीच्या दातांची, म्हणजे नायलॉनच्या वेटोळ्याची चेन साध्या बॉलपेनच्या टोकाने मधूनच उघडता येते आणि कुलूप लावलेले रनर तसेच फिरवून पुन्हा मिटवताही येते. कुलूप जागच्या जागी राहतं. म्हणून चांदी, दागिने, रोकड, कागदपत्रं डिकीत किंवा विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत कधीच ठेवू नका, कुलूप कितीही महाग असलं तरी. दुहेरी दातांची चेन आणि खटक्यांनी बंद होणारी चौकटीची बॅग यापेक्षा जास्त सुरक्षित. टीएसए कुलूप अमेरिकेतल्या तपासणीसाठी असतं. तिकडे जाणार नसाल तर त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

पायरी ५: कवच किंवा कापड

कडक बॅगांत प्लास्टिकची तीन नावं ऐकाल. पॉलिकार्बोनेट दाबलं की आत जातं आणि परत वर येतं, म्हणून मार सोसतं. एबीएस स्वस्त आणि ताठ, पण जोराचा मार बसला की तडकतं, वाकवलेल्या जागी पांढरी रेघ उमटते. पॉलिप्रॉपिलीन हलकं आणि चिवट. वर पॉलिकार्बोनेटचा पातळ थर आणि आत एबीएस अशा बॅगाही मिळतात, तेव्हा आतलं लेबल वाचा. झाकणाच्या मधोमध तळहाताने दाबा. दबून टपकन वर आलं पाहिजे. चकचकीत कवचावर दुसऱ्याच फेरीत ओरखडे दिसतात, खरबरीत पोताचं घ्या. अॅल्युमिनियमची बॅग देखणी खरी, पण जड, महाग आणि पोचे पडणारी.

कापडी बॅगेवर ६००, १६८० असे डेनियरचे आकडे असतात. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. आकडा मोठा तितका धागा जाड. रोजच्या रगड्याला १६८० डेनियर पॉलिएस्टर किंवा १,००० च्या आसपासचं चांगलं नायलॉन पाहा. तेवढ्याच डेनियरचं नायलॉन घासणीला पॉलिएस्टरपेक्षा जास्त टिकतं. पण आकड्यावरच भाळू नका, बॅग उलटी करून शिवण बघा. कोपऱ्यांवर प्लास्टिक किंवा रबराचे संरक्षक, पट्ट्यांच्या मुळाशी दाट आडवे टाके, आतल्या कडांना पट्टी मारलेली. एवढं असेल तर कापड थोडं हलकं चालेल.

पावसाचं काय? गगनबावडा, आंबा घाटाकडे जून ते सप्टेंबर फिरणाऱ्यांनी हे पक्कं समजावं की शिवलेली कुठलीही बॅग पूर्ण जलरोधक नसते, पाणी टाक्यांतून आणि चेनमधून शिरतं. कडक बॅगेचीही चेन गळते. वर रेनकव्हर आणि आत कपडे जाड प्लास्टिक पिशवीत, हाच उपाय.

पायरी ६: दुकानात बॅग भरून चालवा

रिकामी बॅग कुणीही फिरवून दाखवेल. महाद्वार रोडवर घ्या नाहीतर मॉलमध्ये, दुकानदाराला सांगा की आत दहा-बारा किलो काहीतरी ठेवा. मग बॅग दुकानाच्या पायरीवरून उतरवा, बाहेर रस्त्यावर चार पावलं ओढा, एका हाताने खांद्यापर्यंत उचला. वाकडी पळते का, उभी केल्यावर पुढे झुकते का, ते कळेल. हे करू न देणाऱ्या दुकानातून बाहेर पडा. ऑनलाइन मागवली तर घरी आल्यावर हीच परीक्षा परतीच्या मुदतीत करा, लेबलं न फाडता.

फुगवता येणाऱ्या जादा चेनबद्दलही विचार करा. येताना गूळ, चटणी, चपलांचे जोड भरायचे म्हणून ती उघडतोच आपण. बॅग पुढच्या बाजूला जड होते, तोल जातो आणि मुख्य चेनवर ताण येतो. ही सोय अधूनमधून वापरायची. दरवेळी लागत असेल तर एक माप मोठी बॅग घ्या.

पायरी ७: पावसाळ्यात बॅग सांभाळा

कपाटावर वर्षभर पडलेल्या बॅगेचं चाक एका दिवसात भुगा होऊन पडतं, तेव्हा लोक कंपनीला दोष देतात. कारण बऱ्याचदा दमट हवा असते. काही मऊ चाकांतलं आणि कापडाच्या आतल्या थरातलं पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विघटित होतं, चिकट होतं, सोलून निघतं. म्हणून बॅग ओली कधीच ठेवू नका. उघडून पंख्याखाली वाळवा, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, भिंतीला आणि फरशीला टेकवू नका, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. अधूनमधून वापरत राहा.

चाकांत केस आणि दोरे गुंडाळलेले असतात, ते ब्लेडने कापून काढा. चेन जड जात असेल तर मेणबत्ती घासा. तेल लावू नका, त्यावर धूळ बसते. चाक बदलायचं झालं तर व्यास, रुंदी आणि स्क्रूंमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून घेऊन जा. चामड्याचं आणि चपलांचं काम करणाऱ्या हातांची कोल्हापुरात वाण नाही. पट्टा, शिवण, रनर ही कामं इथे चांगली होतात.

पायरी ८: बिल आणि तक्रार

वॉरंटी बहुतेक वेळा निर्मितीतल्या दोषापुरती असते, प्रवासात बसलेल्या माराची नसते. किती वर्षं यापेक्षा चाक आणि हँडल त्यात धरलंय का, हे विचारा, आणि जवळचं सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात आहे की पुण्यात, हेही. बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, छापील अक्षरं उडून जातात.

विमानातून बॅग मोडून आली तर सामानाच्या फिरत्या पट्ट्यावरून उचलल्यावर तिथेच पाहा आणि विमानतळ सोडायच्या आधी कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार करून तिची प्रत घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार बॅग हातात आल्यापासून ७ दिवसांत करावी लागते. बॅग देण्याआधी काढलेला चारही बाजूंचा फोटो आणि बॅगेवर चिकटवलेल्या टॅगची पावती तुमच्याकडे असेल, तर पुढचं बोलणं सोपं जातं.