पावसाआधी बांधावरची माती ओळखा, मगच रोपं आणा

पहिला पाऊस झाला की बांधावर, ओढ्याकाठी, पडीक तुकड्यात रोपं लावायची घाई होते. पिकासाठी आपण जमीन पारखतो, पण पाखरं-मधमाश्यांसाठी राखलेल्या जागेत हाताला लागेल ते रोप खुपसतो. मग दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत त्यातली बरीच वाळलेली असतात. म्हणून आधी एक दिवस मातीला द्या.

वीतभर खोलीवरची माती खडे-मुळं काढून काचेच्या उभ्या बरणीत एक तृतीयांश भरा. वर पाणी ओतून जोरात हलवा आणि बरणी ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळाचे कण काही तासांत. चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात, त्यांना दिवसभर किंवा जास्तही लागतो. थरांची जाडी पाहिली की जमीन कोणत्या अंगाची आहे ते कळतं. मग ३० सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन दोनदा पाण्याने भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही उभं असेल, तर निचरा कमी आहे.

त्याच खड्ड्याची भिंत नीट बघा. करड्या मातीत तांबूस, गंजासारखे ठिपके दिसले तर तिथे वर्षातले काही महिने पाणी साचतं. साचलेल्या पाण्यात हवा संपते, मातीतलं लोह विरघळून निघून जातं आणि माती करडी पडते. मुळांच्या वाटेने हवा शिरते तिथे तेच लोह गंजतं. अशी जागा भर घालून उंच करू नका, चर काढून कोरडीही करू नका. लव्हाळे, पाणकणीस येऊ द्या. माती चिकण असेल तर उथळ खड्डा अस्तराशिवायही पाणी धरतो. त्याचा एक काठ उताराचा ठेवा, म्हणजे बेडकांना ये-जा करता येईल. त्यात मासे सोडू नका, ते बेडकांची पिल्लं खातात.

मुरमाड माळाला आपण नापीक म्हणून हिणवतो, आणि हीच चूक मला सगळ्यात जास्त खटकते. टिटवी आणि चंडोल उघड्या जमिनीवर, विरळ गवतातच अंडी घालतात. तिथे दाट झाडं लावली की कावळ्यांना टेहळणीच्या फांद्या मिळतात आणि जमिनीवरची घरटी लुटली जातात. या जागेला खतही घालू नका. नत्र-स्फुरद मिळालं की दोन-तीन दांडगी तणं माजतात आणि हलक्या जमिनीवरची नाजूक रानफुलं त्यांच्याखाली दबून जातात. इथलं गवत चराईपासून राखलं तरी पुष्कळ झालं.

वाळूमिश्रित, उन्हाकडे तोंड केलेला उघडा उतार असेल तर तिथे खाली बसून बघा. पेन्सिलीएवढं भोक आणि भोवती बारीक मातीची छोटी रास दिसली, तर ते एकट्या राहणाऱ्या मधमाशीचं घर असू शकतं. जगातल्या मधमाश्यांच्या बहुतेक जाती पोळी बांधत नाहीत, जमिनीत घर करतात. या तुकड्यावर नांगर नको आणि आच्छादनही नको.

खोल पोयट्याच्या, म्हणजे वाळू, गाळ आणि चिकणमाती बेताने मिसळलेल्या जमिनीची फारशी काळजी नाही. तिथे मोठी झाडं, झुडपं, वेली यांची मिसळ लावा. भारी चिकण जमिनीत मात्र वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जादा ओल ओसरून माती भुसभुशीत झाल्याशिवाय खड्डे घेऊ नका. ओल्या मातीत कुदळीने खड्ड्याची भिंत लिंपल्यासारखी गुळगुळीत होते आणि मुळं तिच्यात न शिरता आतल्या आत गोल फिरतात. तशी झालीच असेल तर खुरप्याने ओरखडून काढा. पांढरे क्षार फुललेल्या जमिनीत आधी निचऱ्याचं बघा, तोवर क्षार सोसणारं गवतच ठेवा.

मशागतीला ट्रॅक्टर येण्याआधी मधमाश्यांच्या भोकांभोवती आणि टिटवीच्या अंड्यांभोवती लांबून दिसतील अशा काठ्या रोवा, आणि चालकाला त्या जागा स्वतः चालत जाऊन दाखवा.